आधी भिंतीला काय ठोकायचं नाही ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकत असेल तर तिथेच टोका. पुण्याजवळ रावेतला नवा टू बीएचके, रेरा कार्पेट (म्हणजे रेरा कायद्याच्या व्याख्येनुसार घराच्या आतलं क्षेत्र) ५८५ चौरस फूट. लग्नाला दीड वर्ष झालंय. तुमच्यापैकी एक जण घरून काम करतो आणि अमेरिकेतल्या टीमबरोबरचे त्याचे कॉल रात्री अकरापर्यंत चालतात. दुसरी फिजिओथेरपिस्ट, सकाळी साडेसहाला घराबाहेर. सांगलीहून आई-वडील वर्षातून दोन-तीनदा येतात आणि आले की पंधरा-वीस दिवस राहतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत बाळ किंवा परदेश, काहीही होऊ शकतं. बजेट सहा लाख. आणि हवंय काय, तर ‘मिनिमल, पण पुढे बदलता येईल असं’ घर.

सोबत पाठवलेलं कोटेशन मी दोनदा वाचलं. हॉलभर फॉल्स सीलिंग, आठ फुटी टीव्ही युनिट, दाराशी जाळीचं पार्टिशन, क्रॉकरी युनिट, हायड्रॉलिक बेड, दुसऱ्या खोलीत भिंतीत मिटणारा बेड आणि त्यालाच जोडलेलं टेबल. एकूण अकरा कामं, त्यांतली नऊ भिंतीला नाहीतर छताला पक्की. बदलता येणारं घर मागितलंत आणि हाती आलं ते हलवता न येणारं. ठेकेदाराला मी फार दोष देणार नाही. त्याचं बिल चौरस फुटावर निघतं, त्यामुळे रिकामी भिंत दिसली की ती त्याला बुडालेल्या पैशांसारखी दिसते.

त्या मिटणाऱ्या बेडबद्दल आधी बोलते, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. २०११ साली कोथरूडच्या एका जोडप्यासाठी मी हौसेने असाच बेड केला. गॅस स्प्रिंग चांगले होते, सुतार हाताचा पक्का होता, एका बोटाने बेड वर जायचा. सहा महिन्यांनी चहाला गेले तर बेड खाली, आणि तो कायमचाच खाली. रोज सकाळी दोन उशा, दोन पांघरुणं आणि चादर काढून ठेवायची कुठे? जिथे ठेवता आली असती त्या कपाटाची जागा बेडच्याच खोक्याने खाल्ली होती. मी बेड मिटवायचा विचार केला होता, अंथरुणाचा केलाच नव्हता.

माझी मावशी वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची. १६० चौरस फुटांची खोली, माणसं सात. सकाळी तिथे स्वयंपाक, दुपारी शिवणकाम, संध्याकाळी मुलांचा अभ्यास, रात्री सगळ्यांची झोप. आज ज्याला आपण ‘मल्टिपर्पज’ म्हणतो तशी एकही वस्तू त्या खोलीत नव्हती. एक लोखंडी कॉट, चार पाट, सतरंज्या आणि खुंट्या. पण वळकट्या कॉटखाली जायच्या, पाट दारामागे उभे राहायचे, आणि हे सगळं एका माणसाला उचलता यायचं. खोली बदलायची ती वस्तू साध्या आणि हलक्या होत्या म्हणून. मला तुम्हाला सांगायचंय ते एवढंच आहे. बाकी आता मोजमापं.

आधी टेप घेऊन घर स्वतः मोजा. ५८५ या आकड्यावर फर्निचर आखू नका. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीसुद्धा धरलेली असते. बाल्कनी धरत नाहीत, पण भिंती धरतात. प्लास्टर आणि टाइल झाल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत जे मिळेल ते तुमचं. ब्रोशरमधली नऊ बाय दहाची खोली प्रत्यक्षात इंच-दीड इंचाने कमी भरली तर नवल वाटू देऊ नका. त्या दीड इंचात कपाट अडकतं.

मग भिंती ओळखा. नव्या टॉवरांत बऱ्याचदा मायव्हानचं काम असतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अख्ख्या काँक्रीटच्या भिंती. दुसरा प्रकार सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकचा. बिल्डरच्या साइट इंजिनिअरला विचाराच, पण खात्री ड्रिल मारल्यावर होते. राखाडी भुकटी आली आणि ड्रिल ओरडायला लागलं तर काँक्रीट. ड्रिल लोण्यात सुरी जावी तसं गेलं आणि पांढुरकी हलकी भुकटी पडली तर सिपोरेक्स. काँक्रीटची भिंत इमारतीचा भार पेलते, तिला वायरसाठी झिरीसुद्धा मारायची नाही. सिपोरेक्समध्ये साधा प्लग महिनाभरात सैल होतो, वजनदार काही टांगायचं असेल तर लांब फास्टनर लागतो. हॉल आणि दुसरी खोली यांच्यातली भिंत काढून सरकतं पार्टिशन लावावं का, असं विचारलंय. मायव्हान असेल तर विषय संपला. सिपोरेक्स असेल तरी मी नको म्हणेन. रात्री दहाचा कॉल आणि आईची झोप यांच्यामध्ये सरकत्या दाराचा काही उपयोग नाही, तिथे भिंतच हवी.

आता ती दुसरी खोली. तुमच्या घराचं सगळं कोडं तिथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

कोटेशनमध्ये तिला ‘स्टडी कम गेस्ट रूम’ म्हटलंय. पण आई-वडील साडेनऊ-दहाला झोपतात आणि कॉल अकराला संपतो. म्हणजे ज्या वीस दिवसांसाठी ती खोली ‘गेस्ट’ होते, त्याच दिवसांत ती ‘स्टडी’ राहू शकत नाही. तिथे भिंतीला पक्कं टेबल केलंत तर पाहुणे आले की लॅपटॉप मांडीवर घेऊन सोफ्यावर बसायची वेळ येणार. बेडरूममध्येही जागा नाही, कारण तिथे पहाटे उठणारं माणूस झोपलेलं असतं. त्या वेळी मोकळा असतो तो फक्त हॉल. म्हणून टेबल चालतं हवं, आणि ते जिथे जिथे जाईल तिथे वीज आणि इंटरनेट आधीच पोचलेलं हवं.

त्या खोलीत मी दोन सारख्या सिंगल कॉट करेन. प्रत्येकी ७५ इंच लांब, ३६ इंच रुंद, उशाशी फळी नाही, कडेला उंचवटा नाही, चारही बाजू सपाट. शेजारी शेजारी लावून खालून दोन कड्या अडकवल्या की ७५ बाय ७२ चा डबल बेड होतो, आणि या मापाच्या चादरी बाजारात सहज मिळतात. गादीसकट उंची १८ इंच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसकी बैठक नको, हे फिजिओथेरपिस्टला मी काय सांगणार! कॉटखाली दहाएक इंच मोकळे ठेवायचे आणि तिथे चाकांचे दोन उथळ खोके. अंथरुण-पांघरुण त्यातच. २०११ ची फी मी अशी फेडतेय.

पाहुणे नसताना कॉट काटकोनात लावा, छान बैठक होते. इथे एक बारीक गोष्ट आहे. खोली नऊ बाय दहा आहे. कोपऱ्यात बसणारी कॉट नऊ फुटांच्या भिंतीला लावा आणि दुसरी दहा फुटांच्या भिंतीला. पहिलीच्या रुंदीचे तीन फूट वजा केले की सात उरतात, त्यात सव्वासहा फुटांची कॉट आरामात बसते. उलट लावलंत तर उरतात सहा, आणि कॉट तीन इंचांनी बाहेर येते. हे कागदावर पटकन दिसत नाही. म्हणून जुने पेपर चिकटवून कॉटच्या आणि टेबलाच्या मापाचे तुकडे करा, फरशीवर अंथरा आणि एक संध्याकाळ त्यांच्यामधून चालून बघा. दार उघडा, कपाटाचं शटर उघडल्यासारखं करा, वाकून खोका ओढल्यासारखं करा. शेजारी हसतील, हसू द्या.

बाळ आलं की यातली एक कॉट तुमच्या बेडरूममध्ये जाईल. तेवढ्यासाठी तुमचा बेडही १८ इंच उंचीचाच ठेवा आणि रुंदीला पाच फुटी घ्या, सहा फुटी नको. तुमची ती खोली दहा बाय बारा आहे. बारा फुटांत दोन फूट खोल कपाट, पाच फुटांचा बेड, तीन फुटांची कॉट, आणि कपाटासमोर दोन फूट उरतात. शटर दीड फुटाचं केलं तर ते उघडतंही. हायड्रॉलिक बेड मात्र काढून टाका. एकदा गादी उचलून आत ठेवलेली वस्तू पुढची तीन वर्षं कुणी बघत नाही, आणि तो खोका जागेवरून हलवायचा तर चार माणसं लागतात.

टेबलं दोन, जुळी. प्रत्येकी चार फूट बाय अडीच फूट, उंची साडेएकोणतीस इंच. एक कामाचं, दुसरं जेवायचं. एरवी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण लांबीत जोडली की आठ फुटांचं पंगतीचं टेबल होतं आणि आठ माणसं बसतात. गणपतीत एकावर मखर, दुसऱ्यावर प्रसादाची तयारी. पाय नट-बोल्टचे करा, म्हणजे घर बदललं तर लिफ्टमधून जातील. सुताराला पहिल्याच दिवशी सांगा की सुट्या वस्तूंत फेविकॉल आणि खिळे नकोत, मिनीफिक्स लावायचे, म्हणजे फळ्या जोडायचे स्क्रूने आवळता-सोडवता येणारे खटके. तो कुरकुरेल, कारण त्यात भोकं मिलिमीटरवर पाडावी लागतात. कुरकुरू द्या. चिकटवलेलं कपाट उलगडताना फुटतं, मिनीफिक्सचं उलगडून पुन्हा उभं राहतं.

मग पक्कं काय करायचं? माझा ठोकताळा असा: जिथे पाणी आहे, जिथे वीज आहे आणि जिथे वरच्या पोकळीत धूळ बसणार आहे, तेवढंच. म्हणजे स्वयंपाकघर, वायरिंग आणि बेडरूमचं छतापर्यंतचं कपाट.

स्वयंपाकघरात बिल्डरने दिलेला ओटा फोडू नका. उभं राहून कोपर वाकवा, कोपरापासून चार इंच खाली आलेली उंची हातांना बरी पडते. तुम्ही दोघंही स्वयंपाक करता आणि उंचीत आठ इंचांचा फरक आहे, म्हणून दोघांनाही पुरतं बरं असं माप निघणार नाही. आहे तो ३३-३४ इंचांचा असेल तर तसाच राहू द्या, आणि उंच माणसासाठी चिरायचा पाट जाड घ्या. ट्रॉल्या हव्यातच, पण सगळीकडे नकोत. रोजच्या डब्यांना आणि ताटवाट्यांना दोन-तीन पुरतात. सिंकखाली प्लाय घालूच नका, कितीही ‘वॉटरप्रूफ’ म्हणोत. तिथे कडप्प्याचे दोन उभे तुकडे आणि पुढे नुसतं शटर. आपल्या आयांच्या स्वयंपाकघरात कडप्प्याच्या मांडण्या चाळीस वर्षं टिकल्या त्या उगाच नाही.

ट्रॉल्यांचं स्टील ३०४ मागा. दुकानदार चुंबक लावून दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा मॅडम, चिकटत नाही, म्हणजे ३०४.’ तसं नसतं. स्वस्तातलं २०२ सुद्धा चुंबकाला चिकटत नाही, गंज मात्र लवकर धरतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

कपाटासाठी प्लाय. कोरड्या भागाला आयएस ३०३ या भारतीय मानकाचा चालेल, ओल्या भिंतीला लागून असेल तर आयएस ७१० चा, आणि दोन्हींवर शिक्का स्वतः बघा. बाथरूमच्या मागच्या भिंतीला कपाट येत असेल तर मध्ये अर्धा-एक इंच हवा खेळू द्या. पुण्याचा पाऊस कोकणासारखा नसला तरी जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटात बुरशी धरायला तो पुरतो. आतले कप्पे पक्के नकोत. कडेच्या फळ्यांना ३२ मिलिमीटरवर भोकांची रांग पाडून घ्या आणि कप्पे पिनांवर ठेवा. आज जिथे कुर्ते टांगताय तिथे उद्या बाळाचे लंगोट आणि परवा शाळेची दप्तरं. पिना हलवायला पाच मिनिटं लागतात, सुताराला बोलवायला तीन आठवडे.

कपाटाआधी एक यादी मात्र करा, आणि ती खरी करा. मिनिमल घरांची वाट लावतात त्या मोठ्या वस्तू नसतात. सूटकेसा, झाडू-मॉप, शिडी, इस्त्रीचा बोर्ड, मिक्सरचा खोका (‘वॉरंटी आहे ना’), सांगलीहून येणारी वर्षाची हळद आणि पापडांचे डबे, लग्नातल्या पैठणीची पेटी. याला फोटोत जागा नसते, घरात लागते. तुमच्या पत्रात सतरा वस्तूंचा उल्लेख आहे, झाडूचा एकदाही नाही. बेडरूमच्या कपाटावरचा माळा सूटकेसांना द्या, आणि वॉशिंग मशीनशेजारी एक नऊ इंच रुंद उभं फडताळ झाडू, मॉप आणि शिडीला. माझ्या मते सबंध घरातलं सगळ्यात किफायतशीर फर्निचर तेच असतं.

विजेवर मात्र हात आखडू नका. भिंत काँक्रीटची असेल तर वायर पट्टीतून भिंतीवरूनच न्यावी लागेल. ती पांढरी पट्टी दाराच्या चौकटीच्या कडेने सरळ नेली की डोळ्यांत येत नाही. हॉलमध्ये बाल्कनीच्या बाजूला आणि दुसऱ्या खोलीत, दोन्हीकडे टेबलाच्या उंचीवर चार-चार पॉइंट आणि नेटची केबल. दुसऱ्या खोलीत १६ अँपिअरचा एक पॉइंट आत्ताच काढून ठेवा, एसी नंतर घ्या. दिवे हॉलमध्ये आणि बेडरूममध्ये ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, ओट्यावर आणि कामाच्या जागी ४०००चे, म्हणजे पांढरट. फॉल्स सीलिंग नको. छत साडेनऊ फुटांचं, त्यातले पाच-सहा इंच घालवून मिळतात ते आठ दिवे, त्यांतले तुम्ही रोज लावणार दोन. बेडरूमला एका बाजूने गडद अस्तराचा पडदा लावा, सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपणाऱ्यासाठी.

हॉलबद्दल फार लिहीत नाही. टीव्ही भिंतीवर, खाली एक बुटकं लांब बाकडं, बसायला तुम्हाला आवडेल तो सोफा, पण तीन माणसांचाच. जाळीचं पार्टिशन नको, क्रॉकरी युनिट नको. पाहुण्यांसाठी वेगळे कप ठेवायचे दिवस गेले. देवघर भिंतीला टांगायचं, दीड फुटाचं, हलवता येईल असं. सासूबाई आल्यावर दिशा तपासतीलच.

पैशांचं असं करा. कपाट आणि माळा दीड-पावणेदोन लाख, स्वयंपाकघर दीड, वीज पन्नास हजार, बेड-कॉट-टेबलं-खुर्च्या लाखभर, पडदे आणि मच्छरजाळ्या तीस-चाळीस हजार. उरलेल्या लाखभराला एक पावसाळा जाईपर्यंत हात लावू नका. राहायला लागल्यावर चप्पल कुठे काढता, ओली छत्री कुठे टेकवता, ऊन कुठे येतं, हे कळतं आणि मग त्या लाखाचं सोनं होतं. कोटेशन घेताना ‘चौरस फुटाला इतके’ यावर थांबू नका. मागची फळी सहा मिलिमीटरची की नऊची, आत लॅमिनेट आहे की नुसता रंग, बिजागऱ्या-चॅनेल धरलेत की वेगळे, हे लेखी घ्या. दोन कोटेशनांत चौरस फुटामागे तीनशे रुपयांचा फरक दिसतो तो बहुतेक वेळा इथेच दडलेला असतो.

एक गोष्ट तुमच्या नकाशावर दिसत नाही, ती मोजून कळवा: दुसऱ्या खोलीच्या खिडकीचा कठडा फरशीपासून किती उंच आहे. माझ्या आखणीत एक कॉट त्या खिडकीखाली येतेय. कठडा तीन फुटांचा असेल तर १८ इंचांच्या कॉटवर उभ्या राहिलेल्या मुलाला तो दीडच फूट उरतो, म्हणजे आधी पक्की ग्रिल, मग कॉट. ग्रिल लावायला सोसायटी परवानगी देत नसेल तर कॉट समोरच्या भिंतीला घ्यावी लागेल आणि टेबल खिडकीत. मग पॉइंटची जागाही बदलते, म्हणून हे कळेपर्यंत इलेक्ट्रिशियनला बोलावू नका आणि सुताराला ॲडव्हान्स देऊ नका.